दिनविशेषाची पुस्तिका : परिपाठाले चालते, पण आपल्या भागाची आठवण कमी

आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाले रोज दिनविशेष लागतोच, म्हणून तालुक्याच्या बुक स्टॉलवरून ही खिशात मावेल एवढी पुस्तिका आणली, १२० रुपयाले. लोक म्हणतील व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुकट येते मग पैसे कायले घालवता. पण राजेहो, त्या फॉरवर्डमधी कोण कधी जन्मला अन् कधी गेला याचा काही भरवसा नाही, अन् आमच्याकडे रेंज फक्त हातपंपाजवळ येते, तिथं उभं राहून परिपाठ घ्यायचा का?

एका तारखेले एक पान आहे. अक्षर मोठं, पाचवीचं पोट्टं न अडखळता वाचते. कागद ठीकठाक.

सगळ्यात जमलेलं पान १ जुलैचं. वसंतराव नाईक, जन्म १९१३, गहुली, म्हणजे आपला पुसद तालुका, म्हणून राज्यात कृषी दिन. खाली डॉ. बिधानचंद्र रॉय, ते जन्मले १८८२ ले अन् गेले १९६२ ले, दोन्ही १ जुलैच, म्हणून डॉक्टर दिन. मग १९५५ ची स्टेट बँक अन् २०१७ ची जीएसटी. शेती, दवाखाना, बँक, टॅक्स सगळं एकाच पानावर, समजावता समजावता पहिला तास गेला. त्यातच एक पोट्टा उठला, "सर, माह्या आज्याचा वाढदिवस बी १ जुलैच आहे", मग दुसरा, मग तिसरा! आता त्याले काय सांगू, आज्याचा जन्म तर ज्वारी सोंगणीच्या दिवसातला असंन, नाव घालताना गुरुजींनी वय बसवायले १ जून नाहीतर १ जुलै टाकून दिलं. आमच्या दाखल-खारीज रजिस्टरात जुन्या पानांवर पाहा, अर्धं गाव याच दोन तारखांले जन्मलं.

१ जूनचं पानही मस्त आहे, १९४८ ले एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरले गेली, १९३० ले दख्खनची राणी सुरू झाली, १९२९ ची नर्गिस. पण विदर्भात उन्हापायी शाळा जून संपता संपता उघडते, त्यामुळे हे पान परिपाठात कधी वाचल्याच जात नाही.

आता तक्रार. ११ ऑक्टोबर काढा. अमिताभ बच्चन, जन्म १९४२, चार ओळी. जयप्रकाश नारायण, १९०२, दोन ओळी. अन् तुकडोजी महाराजांले फक्त "पुण्यतिथी, १९६८", बस! मोझरी नाही, तिथला त्यांचा गुरुकुंज आश्रम नाही, त्यांनी लिहिलेली ग्रामगीता नाही. अमरावती-यवतमाळात विकायची पुस्तिका अन् असं? बरं त्याच पानावर तळाशी अपोलो ७ आहे, अपोलोचं माणसं घेऊन गेलेलं पहिलं यान, तेही ११ ऑक्टोबर १९६८ चंच. म्हणजे संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी इकडे महाराज गेले अन् आपल्या घड्याळानं रात्री साडेआठच्या सुमारास तिकडे अमेरिकेत तीन माणसं आकाशात उडाली. एवढी मोठी गोष्ट अन् पुस्तिकेनं दोन वेगळ्या कोपऱ्यात टाकली, साल जुळते हे छापणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसावं. दिनविशेषात हीच तर मजा असते ना.

शिवाय मोझरीले मौन श्रद्धांजली तिथीनं होते, आश्विन वद्य पंचमीले, ती कधी ऑक्टोबरात कधी नोव्हेंबरात. पोट्टे विचारतात की सर आज पुण्यतिथी आहे तर मोझरीची यात्रा आज कामून नाही. तारीख अन् तिथीचा फरक सांगणारं अर्धं पान सुरुवातीले टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

११ सप्टेंबरलेही तेच. १८९३ चं विवेकानंदांचं शिकागोचं भाषण भरपूर दिलं, विनोबांचा १८९५ चा जन्म गागोद्याचा तेही बरोबर, पण त्यांचा आश्रम जिथं आहे त्या पवनारचा प सुद्धा नाही. मी पेनानं बाजूले लिहून ठेवलं, समासात जागा मात्र चांगली सोडली आहे.

पाचापैकी साडेतीन. शिक्षकानं घ्यावी, तलाठी-पोलीस भरतीवाल्यांनी यावर विसंबू नये, एकेका ओळीत कारण कळत नाही. घेताना किमतीचं स्टिकर नखानं खरवडून पाहा, माझ्या प्रतीवर १२० च्या खाली ९० निघाले.