झिऑन सिल्व्हर ४३१४ आणि एपिक ७३१३पी: हळदीचा एक हंगाम दोन्हींवर काढल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डातली काही अडत दुकानं आणि तासगाव भागातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस यांचा हिशेब आमच्या सर्व्हरवर चालतो. सौदा झाला की दुकानातले दिवाणजी लॉगिन करून वजन-दर टाकतात, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. ती पट्टी हातात पडेपर्यंत पहाटे गावाहून निघालेला माणूस पायरीवर बसून असतो. म्हणून प्रोसेसर किती वेगवान, हा प्रश्न आमच्यासाठी हौसेचा नाही.

आमच्या एका सर्व्हरमध्ये इंटेलचा झिऑन सिल्व्हर ४३१४ हा प्रोसेसर चौदा महिने आहे, दुसऱ्यात एएमडीचा एपिक ७३१३पी नऊ महिने. दोन्ही २०२१ साली बाजारात आलेले, दोन्ही १६ कोरांचे (कोर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आणि ३२ थ्रेडचे, म्हणजे प्रत्येक कोर एका वेळी दोन कामं हाताळतो. त्या वेळी कंपन्यांच्या यादीत झिऑनची किंमत ७०० डॉलरच्या आसपास होती आणि एपिकची ९१३ डॉलर. यादीतला हा फरक डोळ्यांत भरतो, पण रॅम, डिस्क, मदरबोर्ड, डबल पॉवर सप्लाय आणि यूपीएस धरून पूर्ण बिल मांडलं की तो विरघळून जातो. माझा अनुभव सांगतो की पैसे वाया गेले ते दुसरीकडेच.

पहिली चूक रॅमची. झिऑन घेताना मी ६४ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या. पुढे वाढवता येईल, हा हिशेब. विकणाऱ्याने अडवलं नाही आणि मीही मॅन्युअल नीट वाचलं नाही. या दोन्ही प्रोसेसरना रॅमचे आठ चॅनल, म्हणजे रॅमकडे जाण्याच्या आठ वाटा आहेत. स्टिक दोनच लावल्या तर दोनच चॅनल चालतात, बाकीचे सहा बंद. झिऑन ४३१४ वर रॅम जास्तीत जास्त २६६७ च्या वेगाने चालते, म्हणजे एका चॅनलला सेकंदाला साधारण २१ जीबी आणि आठही भरले तर १७० च्या वर. मी सोळा कोरांना फक्त ४२ वर राबवत होतो. रात्रीची व्याज आकारणी आणि ताळमेळ, हे आमचं सगळ्यात जड काम, त्याला ५२ मिनिटं लागायची. त्या दोन स्टिक काढून १६ जीबीच्या आठ लावल्या. एकूण रॅम तेवढीच, १२८ जीबी, पण काम ४१ मिनिटांवर आलं. प्रोसेसर बदलायच्या आधी हे करून बघा, एवढं मी कळकळीने सांगेन.

एपिक आला तो आठ स्टिक भरूनच. इथे रॅम ३२०० ने चालते, एका चॅनलला २५.६ जीबी. तोच डेटा, तेच पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस), तशाच वेगवान एनव्हीएमई डिस्क: रात्रीचं तेच काम ३१ मिनिटांत. यात रॅमचा वाटा आहे, पण माझ्या मते कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण फार वेगवान मेमरीचा जास्त. झिऑनमध्ये एल३ कॅशे (त्यातला सगळ्यात मोठा थर) २४ एमबी, एपिकमध्ये १२८. खातेवहीच्या इंडेक्सचा बराच भाग कॅशेत बसला की रॅमकडे धाव घ्यावी लागत नाही. शिवाय एपिकचा मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ आणि बूस्ट ३.७, झिऑनचा २.४ आणि ३.४. सगळे कोर कामाला लागल्यावरही आमचा एपिक तीनच्या वरच राहिलेला दिसला. दिवाणजींना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून फोन करून विचारलं की पट्टी एवढी लगेच कशी उघडायला लागली.

पण त्या १२८ एमबीची एक गोष्ट कळायला मला दोन महिने लागले. हा प्रोसेसर आतून एकसंध नाही. त्यात कोरांचे चार तुकडे आहेत, प्रत्येकात चार कोर आणि त्यांच्या वाट्याचे ३२ एमबी. एका तुकड्यातल्या कोराला दुसऱ्याच्या कॅशेतला डेटा हवा असेल तर मधल्या चिपवरून फेरा पडतो. माझी डेटाबेसची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं वेगळं मशीन) आठ कोरांची होती, म्हणजे ती निदान दोन तुकड्यांवर पसरणारच. मग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एल३ कॅशेनुसार नूमा नोड, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा गट म्हणून दाखवण्याची सोय चालू केली, दुकानं दोन गटांत वाटली आणि चार-चार कोरांच्या दोन व्हीएम करून प्रत्येकीला तिचा तुकडा नेमून दिला. रात्रीचं काम २७ मिनिटांवर आलं. झिऑन एकसंध चिप आहे, त्यावर हीच वाटणी करून पाहिली तर काहीच फरक पडला नाही. ज्याला असं खोलात शिरायला वेळ नाही त्याला झिऑन सोपा जाईल, हे मान्य करायलाच हवं.

विजेचं थोडक्यात. कागदावर झिऑन १३५ वॉटचा, एपिक १५५ चा. मीटर लावून पाहिलं तर भार असताना एपिक जास्त खातो, पण काम लवकर उरकून शांत होतो. रात्रभराच्या युनिटांत मला काळजी करण्यासारखा फरक दिसला नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात एसी बंद पडला तेव्हा दोघांचेही पंखे सारखेच ओरडले. डिस्क वगैरे जोडण्याच्या वाटा, म्हणजे पीसीआयच्या लेन, एपिकला १२८, झिऑनला ६४. आमच्या चार डिस्कना सोळा पुरतात. झिऑनमधलं एव्हीएक्स-५१२ (एकदम बरीच आकडेमोड करण्याची सोय) एपिकच्या या पिढीत नाही, पण हिशेबाच्या कामात त्याची उणीव कुठेच जाणवली नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मार्चमध्ये, राजापुरी हळदीची आवक जोरात असताना, झिऑनच्या लॉगमध्ये एका रॅम स्टिकच्या चुका दिसू लागल्या. ईसीसी रॅम (चुका स्वतः ओळखून सुधारणारी) असल्याने त्या दुरुस्त होत होत्या, पण रोज वाढत होत्या. मशीन बंद करून स्टिक काढणं भाग होतं. दोन सर्व्हर घेतले ते अशाच दिवसासाठी: चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर सरकवायच्या, कोणाला कळूही द्यायचं नाही. चाचणीची एक व्हीएम सरकवली. पलीकडे पोचली आणि तिथेच गोठली. व्हीएमच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा प्रकार दोन्हीकडे चालेल असा सामान्य ठेवून पुन्हा केलं, पुन्हा तेच. इंटेल आणि एएमडी यांच्यात चालू व्हीएम हलवण्याचा भरवसा धरता येत नाही. व्हीएम बंद करून पलीकडे सुरू केली तर व्यवस्थित चालते, पण बंद करावी लागतेच. त्या रात्री अकरानंतर एकेका दुकानाला फोन करून, काम थांबवायला सांगून, मी आणि माझा भाऊ पहाटे चारपर्यंत व्हीएम हलवत बसलो. बदली स्टिक पुण्याहून यायला चार दिवस गेले आणि तेवढे दिवस सगळा यार्ड एकट्या एपिकवर चालला. त्याने तो भार पेलला, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. पण दुसरा सर्व्हरही त्याच कंपनीच्या प्रोसेसरचा घेतला असता तर ती रात्र आलीच नसती. हा खर्च कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात मला दिसला नव्हता.

विंडोज सर्व्हर वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. त्याचा परवाना कोरांवर असतो आणि एका सर्व्हरला किमान १६ कोरांचा घ्यावाच लागतो. हे दोन्ही प्रोसेसर त्यात नेमके बसतात. २४ कोरांचा ७४४३पी घ्यायचा मोह मला झाला होता, पण वरच्या आठ कोरांचा परवाना धरल्यावर तो सोडला. वापरलेला एपिक स्वस्तात मिळत असेल तर आधी तो कुठल्या मशीनमधून निघाला ते विचारा. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो आणि दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाही. आणि नावातला ‘पी’ म्हणजे एकाच सॉकेटचा. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर जोडीने तो चालणार नाही.

पुढच्या हंगामाआधी आम्ही दुसरा ७३१३पी घेतोय. झिऑन मिरजेला भावाच्या घरी वरच्या मजल्यावर जाईल. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीबाहेर एक प्रत असावी असं मनात होतंच. रोज रात्री डेटाची प्रत उतरवून घेणं एवढंच त्याचं काम असेल. आठही स्टिक त्यातच राहतील.