स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर, आठ महिने आणि साधारण अकराशे राउंड

घेताना मनात स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० होतं, ज्या डिझाइनचं मूळ पार १८९९ पर्यंत जातं ते. पण हिशेब मांडला तर ते घेतल्यावर काडतुसांना काही उरतच नव्हतं, आणि मला ते कपाटात थोडीच ठेवायचं होतं. म्हणून एका स्वस्त ब्रँडचं घेतलं. पॉइंट ३८ स्पेशल काडतुसांचं, एका वेळी सहा राउंड, चार इंची नळी, फिक्स्ड साइट (नेम धरायची खूण, हलवता न येणारी). ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एका नगावरून कंपनीची अक्कल काढणं बरोबर नाही.

एक शहाणपणा केला, तीन नग मागवून तपासले. रिकामं आहे याची खात्री करून घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा, आणि तो पूर्ण चढायच्या आत सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) जागेवर लॉक झाला पाहिजे, असं त्याच्या सहाही चेंबरना (काडतुसांच्या भोकांना) करून बघायचं. पहिल्या नगाचे दोन चेंबर आळशी निघाले, घोडा चढला तरी सिलिंडर केसभर अलीकडेच. दुसऱ्याचा सिलिंडर लॉक होऊनही फार डुगडुगत होता. तिसरा घेतला. सिलिंडर आणि नळीतली फट नंतर फीलर गेजने मोजली, ०.१८ मिमीच्या आसपास, तक्रार नाही. महागातल्या नगाची ही सगळी तपासणी आधीच कोणीतरी करून ठेवली असेल असं आपण धरून चालतो, इथे ती आपल्या गळ्यात.

ट्रिगर मात्र सुरुवातीला वैताग होता. सिंगल अ‍ॅक्शनला (घोडा आधी हाताने चढवून) छान, पण डबल अ‍ॅक्शनला (ट्रिगरनेच घोडा चढवून) वाळू भरल्यासारखा खरखरीत आणि शेवटच्या टप्प्यात एकदम जड. स्नॅप कॅप (नकली काडतुसं) घालून रोज रात्री शंभरेक वेळा ड्राय फायर केलं, म्हणजे गोळीविना नुसता ट्रिगर ओढला, दोन महिन्यांत खरखर बरीच गेली, जडपणा तसाच. मग अतिशहाणपणा केला, घोड्याची स्प्रिंग हलकी बसवली. ट्रिगर लोण्यासारखा झाला पण सहातली एक-दोन काडतुसं फुटेचनात, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) नुसता पुसट ठसा. आणि रिव्हॉल्व्हरमध्ये अशा वेळी लगेच पुन्हा ट्रिगर ओढायचा नसतो हं, काडतूस उशिरा पेटलं तर तोवर ते नळीसमोरून सरकलेलं असतं, नळी टार्गेटकडे धरून निदान अर्धा मिनिट गप उभं राहायचं. जुनी स्प्रिंग परत घातली, विषय संपला.

खरी फजिती चौथ्या महिन्यात. रेंजवर पाच राउंड झाडले, एक शिल्लक, आणि सिलिंडर उघडेचना. जोर लावणार तेवढ्यात शेजारच्या लेनवरचे काका ओरडले, ‘‘अरे थांब, रॉड बघ आधी!’’ इजेक्टर रॉडचे, म्हणजे पुंगळ्या ढकलून काढणाऱ्या दांडीचे, आटे सैल होऊन तो पुढे आला होता आणि पुढच्या खिट्टीत अडकला होता. नळी टार्गेटकडेच ठेवून, घोड्याला हात न लावता बोटांनी रॉड आत फिरवला तेव्हा कुठे उघडलं. आता दर वेळी निघायच्या आधी तो चिमटीत धरून बघतो. एक लक्षात ठेवा, स्मिथ अँड वेसनच्या हल्लीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये या रॉडला उलटे आटे असतात, दुसऱ्या कंपनीत सुलटे असू शकतात, न बघता पान्याने पिळाल तर घट्ट करायच्या नादात आटे घालवून बसाल.

नेम आधी खाली लागायचा. साइट फिक्स्ड, म्हणजे स्क्रू फिरवून सुटका नाही, पण मी १३० ग्रेनची (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) बुलेट वापरत होतो. १५८ ग्रेन वापरली आणि ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) वर सरकला, जवळजवळ मध्यावर. जड बुलेट हळू जाते, नळीतून बाहेर पडेपर्यंत धक्क्याने नळी जास्त वर उचलली गेलेली असते, म्हणून असं होतं. मी आधी पुढची साइट कानशीने घासणार होतो, बरं झालं नाही घासली.

साफसफाईचं म्हणाल तर इजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्या उचलणारा भाग) न जळलेल्या दारूचे कण अडकले की सिलिंडर जाम फिरतो. हे महागातही होतंच. पुंगळ्या काढताना नळी सरळ आभाळाकडे करायची म्हणजे कण खाली पडून जातात, आणि खिशात एक जुना टूथब्रश ठेवायचा.

मध्यंतरी काकांनी त्यांच्या मॉडेल १० मधून वीस-तीस राउंड मारायला दिले. ट्रिगरचा फरक पहिल्याच ओढीला कळतो, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. टार्गेटवर मात्र माझा ग्रुप दोन्हीत सारखाच वाईट आला, त्यांनी कागद बघितला आणि हसत माझी ग्रिपवरची पकड सुधारून दिली. ज्यांना असल्या खटपटीचा कंटाळा आहे त्यांनी सरळ पैसे साठवून महागातलंच घ्यावं, मी सध्या ड्राय फायर सुरू करायच्या आधी पकड नीट बसवतोय, आणि मूळची रबरी ग्रिप तळव्याला मोठी होते ती बदलायची राहिलीय.