चांदी, पांढरं फिलिंग आणि धातूची कॅप: चौदा महिन्यांनंतर

माझ्या तोंडात आज तीन वेगवेगळी कामं आहेत. वर उजवीकडच्या दाढेत १९९६ साली नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात भरलेली चांदी (म्हणजे खड्डा बुजवायचा चंदेरी धातूचा मसाला), वर डावीकडच्या लहान दाढेत चौदा महिन्यांपूर्वीचं पांढरं फिलिंग आणि खाली डावीकडे अगदी शेवटच्या दाढेवर वर्षभरापूर्वी बसवलेली धातूची कॅप. तिन्हींवर एकाच घरचं जेवण पडतं, म्हणून तुलना करता येते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माठाचं पाणीसुद्धा दाताला लागायला लागलं, तेव्हा घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे पांढरं फिलिंग झालं आणि सल्ला मिळाला की जुनी चांदी काढून टाका, त्यात पारा असतो, आणि शेवटच्या दाढेला रूट कॅनलनंतर झिरकोनियाचीच (दातासारख्या रंगाच्या, कणखर सिरॅमिकची) कॅप बसवा. पाऱ्याचं ऐकून मी घाबरले. पण सहा आठवड्यांत ते नवं फिलिंगच छळायला लागलं. सांबारवडी खाल्ली की सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) दोन दातांच्या फटीत जाऊन बसायचा, तर्री पोह्यातला चणा अडकायचा, रात्री हिरडी ठणकायची. दात घासून, गुळण्या करून निघायचं नाही. शेवटी परत सरकारी कॉलेजचा रस्ता धरला.

तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी फ्लॉसचा धागा दोन दातांमध्ये घातला, तो कुठेही न अडकता सरकन खाली गेला. त्या म्हणाल्या, "काकू, शेजारचे दात एकमेकांना घट्ट टेकायला हवेत. इथे टेकलेलेच नाहीत." पांढऱ्या फिलिंगचं खरं अवघडपण मला तेव्हा कळलं. हा मसाला म्हणजे रेझिन आणि काचेची बारीक पूड. निळा लाईट मारला की तो कडक होतो आणि कडक होताना थोडा आकसतो. म्हणून तो एकदम ठासून भरायचा नसतो. साधारण २ मिलिमीटरचा थर, लाईट, पुन्हा थर. शिवाय दात कोरडा लागतो, लाळ लागली की पकड गेली. पहिल्या वेळी माझ्या तोंडात नुसता कापूस होता. या वेळी रबराचं शीट लावलं, दोन दातांमध्ये पातळ पट्टी, लाकडी पाचर आणि रिंग बसवली, आणि एवढ्याशा खड्ड्याला पाऊण तास दिला. त्या दिवसापासून सांबार अडकलेला नाही. पहिले तीन आठवडे गार पाणी लागायचं, मग ते आपोआप थांबलं. कडेला हळदीची किंचित पिवळी रेघ आली होती, सहाव्या महिन्यात पॉलिश केल्यावर गेली. मी हसले तर ते फिलिंग मलाही सापडत नाही. पण फिलिंग करताना घाई दिसली तर खुशाल विचारा, दात कोरडा कसा ठेवणार आहात म्हणून. तो तुमचा हक्क आहे.

चांदीबद्दल मी पाऱ्याचा प्रश्न सरळ विचारला. उत्तरही सरळ मिळालं. वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना अगदी थोडी वाफ निघते. काढताना ड्रिलने त्याहून जास्त निघते. युरोपियन संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळजवळ बंद केलं, पण ते मुख्यतः पारा पर्यावरणात जाऊ नये म्हणून, पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या जागतिक कराराच्या वाटेने. भारतानेही तो करार २०१८ मध्ये मान्य केला. गरोदर बायका आणि लहान मुलांना शक्यतो नवीन चांदी भरू नये. पण अमेरिकेच्या एफडीएनेच (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये सांगितलंय की चांगली बसलेली जुनी चांदी कारणाशिवाय उकरू नये. माझ्या चांदीच्या कडेला फट नाही, एक्स-रेत खाली कीड नाही. काढली असती तर तिच्यासोबत माझा चांगला दातही घासला गेला असता. ती राहू दिली, याचं मला फार समाधान आहे.

आता कॅप. रूट कॅनल झालेली ती दाढ बुटकी आहे. कॅपला धरून राहायला दाताच्या भिंती लागतात, आणि वरून जितकं घासाल तितक्या भिंती कमी होतात. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला वरून २ मिलिमीटरच्या आसपास जागा लागते, निव्वळ धातूला १ ते दीडमध्ये भागतं. पूर्ण झिरकोनियालाही फार जास्त लागत नाही, पण मला सांगितलेल्या किमतीत चौपट फरक होता आणि ती दाढ आरशातही दिसत नाही. माझ्या यजमानांच्या धातूवर सिरॅमिक चढवलेल्या जुन्या कॅपचा सुपारी फोडताना कोपऱ्यात टवका उडाला होता आणि हिरडी खाली सरकल्यावर कडेला काळी रेघ दिसायला लागली होती, तेही डोळ्यांसमोर होतं.

माप घेण्याआधी मॅडमनी विचारलं, "खोटे दागिने घातले की कानाला खाज येते का?" या कॅपमध्ये निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी तशीच ओळखू येते. मला येत नाही. धाकट्या बहिणीचे कान लगेच चिघळतात, म्हणून तिला मी आत्ताच झिरकोनिया सुचवलाय. दुसरं त्यांनी पाहिलं ते म्हणजे या कॅपला टेकेल अशी चांदी समोर किंवा शेजारी नाही ना. माझी चांदी दुसऱ्या बाजूला आहे. वेगवेगळे धातू तोंडात भिडले की झटका बसू शकतो.

पहिला आठवडा जीभ सारखी तिकडे जायची. चावा उंच वाटत होता, निळा कागद चावायला लावून दोनदा घासून घेतला. अशा वेळी 'होईल सवय' म्हणून घरी बसू नका, उंच कॅपने समोरची दाढ दुखते. त्यानंतर भाकर, फुटाणे, हुरडा, सावजी मटणाची नळी, सगळं त्याच बाजूने खाल्लं. कॅप हललेली नाही, तिच्यावर ओरखडा नाही. तक्रार एकच: एक्स-रेत कॅपच्या आड काही दिसत नाही, त्यामुळे आत कीड लागली तर कडेवरूनच ओळखावी लागते. झिरकोनियाचंही तेच आहे. म्हणून कडेला रोज बारीक ब्रश फिरवते.

हसताना दिसणाऱ्या पुढच्या दाताला कॅप लागली तर मी धातू घेणार नाही, पैसे साठवून झिरकोनियाच घेईन. सध्या दिवाळीनंतर त्याच सरकारी दंत कॉलेजात सहामाही तपासणी आहे. तेव्हा चांदीची कड पुन्हा एकदा नीट बघून घेणार आहे.