दादरमध्ये शेजारच्या सोसायटीतील पार्किंग ‘विकत’ देऊन झालेली फसवणूक

दादर पश्चिमेला, रानडे रोड आणि गोखले रोडच्या आसपासच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांची गाडी ठेवण्याची अडचण वेगळी सांगायला नको. या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा घरटी गाडी ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे खाली स्टिल्ट, म्हणजे गाड्यांसाठी खांबांवर मोकळा सोडलेला तळमजला, नाही आणि आवारही जेमतेम दोन दुचाक्या उभ्या राहतील एवढेच. दिवसा रस्ता बाजारात येणाऱ्यांच्या गाड्यांनी भरतो आणि रात्री रहिवाशांच्या. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या जवळपास बेकायदा उभ्या केलेल्या चारचाकींना १०,००० रुपयांपासून पुढे दंड लावायला सुरुवात केली, तेव्हापासून रस्त्यावर गाडी सोडून जाण्याची धास्ती आणखी वाढली. ज्याच्या हाती पार्किंगची जागा आहे, किंवा आहे असे जो दाखवू शकतो, त्याच्याकडे लोक पैसे घेऊन जातात ते या अडचणीमुळे. आमच्या कुटुंबाच्या बाबतीत हेच झाले, आणि हीच पद्धत वापरून आणखी कोणाला फसवले जाऊ नये म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या सासऱ्यांना डायलिसिससाठी नियमितपणे रुग्णालयात न्यावे लागते. घरी परतल्यावर त्यांच्या अंगात चालण्याचे त्राण नसते आणि गाडी लांबच्या गल्लीत लावावी लागली, तर त्यांना दाराशी उतरवून एकटेच बसवून ठेवावे लागते. परिसरातील एका इस्टेट एजंटला हे ठाऊक होते. पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या शेजारच्या सोसायटीतील एक गृहस्थ आपली स्टिल्टमधील जागा कायमची देऊ इच्छितात, असे त्यानेच सांगितले. “ताई, ते गाडी विकून मुलाकडे चालले आहेत, जागा नुसती पडून आहे, आजोबांची सोय होईल,” हे त्याचे शब्द होते. किंमत ठरली सात लाख रुपये, आणि या भागातील दर पाहता ती कोणालाही वाजवी वाटली असती.

आम्हाला दाखवलेली जागा खरी होती. खांबावर पिवळ्या रंगात क्रमांक रंगवलेला होता, समोर साखळी आणि कुलूप होते आणि कुलपाची किल्ली त्या गृहस्थांच्या खिशात होती. त्यांच्या जुन्या गाडीच्या काचेवर सोसायटीचे स्टिकर होते. पहारेकऱ्याने त्यांना नमस्कार केला आणि आम्हाला विनातक्रार आत सोडले. शिवाय त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवरील, सचिवांची सही व शिक्का असलेल्या वाटपपत्राची झेरॉक्स दिली, आणि ते पत्रसुद्धा बनावट नव्हते. त्यांनी फसवले ते पत्राच्या दुसऱ्या बाजूला काय आहे हे लपवून. मूळ पत्राच्या तळाशी “अटी मागील पानावर” अशी एक ओळ आहे, आणि झेरॉक्स काढताना कागद असा सरकवला होता की नेमकी तीच ओळ कापली जावी. मागच्या पानावर दोन अटी होत्या. वाटप एका वर्षापुरते आहे, ही पहिली; आणि सभासदाला ही जागा विकता, भाड्याने देता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही, ही दुसरी.

त्यानंतर ५०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर ‘पार्किंग जागेचा कायमस्वरूपी हक्क हस्तांतरण करारनामा’ तयार झाला. त्यात चतुःसीमा होत्या, दोन साक्षीदार होते, ‘यावच्चंद्रदिवाकरौ’सारखे जुन्या खरेदीखतातले शब्द होते, आणि शेवटी नोटरीचा लाल शिक्का होता. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सर्वाधिक लोक याच ठिकाणी फसतात. नोटरीच्या शिक्क्याने एवढेच सिद्ध होते की सही करणारी व्यक्ती समोर हजर होती आणि सही तिचीच आहे. जी वस्तू तिची नाही तिची मालकी त्या शिक्क्याने दुसऱ्याला मिळत नाही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा कागद १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोंदणीचा विषय आम्ही काढला, तेव्हा “पार्किंगची वेगळी नोंदणी होत नसते, सगळीकडे असेच चालते,” असे उत्तर मिळाले. त्यातला पहिला भाग खरा असल्यामुळेच हे उत्तर पटण्यासारखे होते.

पैसे घेण्याची रीतही विचारपूर्वक ठरवलेली होती. तीन लाख रोख मागितले आणि चार लाख बँकेतून. बँकेचे पैसे पाठवताना शेऱ्यात ‘उसने परत’ असे लिहा, म्हणजे त्यांना कराचा त्रास होणार नाही, अशी विनंती त्यांनी केली. आम्ही तसे लिहिले नाही आणि शेऱ्यात ‘पार्किंग’ हाच शब्द ठेवला. पुढे आमच्या तक्रारीला जो काही आधार उरला, तो या एका शब्दाचा.

काही महिने गाडी तिथे सुखाने उभी राहिली. मग एके दिवशी तिथे दुसरीच गाडी दिसली, साखळीचे कुलूपही बदललेले होते. ती गाडी त्या गृहस्थांचा फ्लॅट विकत घेणाऱ्या कुटुंबाची होती, आणि पार्किंग फ्लॅटसोबतच येते असे सांगून त्यांच्याकडूनही त्याच जागेचे वेगळे पैसे घेतलेले होते. आम्ही दोन्ही कुटुंबे सचिवांकडे गेलो. त्यांनी वाटपाची वही उघडून दाखवली. गाड्या जास्त आणि जागा कमी असल्याने तिथे दरवर्षी सोडत निघते, त्या गृहस्थांची मुदत संपलेली होती आणि नव्या सोडतीत ती जागा तिसऱ्याच सभासदाला लागलेली होती. सचिव आमच्याशी सौजन्याने वागले, परंतु बाहेरच्या व्यक्तीला जागा देण्याचा अधिकार सोसायटीलाच नाही, हे त्यांनी स्पष्ट केले, आणि ते योग्यच होते.

कायद्याची बाजू मला त्यानंतर वकिलांकडून नीट समजली. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला, की बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्याखाली स्टिल्टमधील पार्किंग हे स्वतंत्र गॅरेज ठरत नाही, ती इमारतीची सामायिक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याने उघड्या पार्किंगला सामायिक क्षेत्रातच धरले आहे. त्या कायद्याखालील नव्या प्रकल्पांत गॅरेज किंवा बंदिस्त पार्किंग पैसे घेऊन देता येते, मात्र त्याचा तपशील फ्लॅटच्या नोंदणीकृत करारात असावा लागतो, आणि जागेची लांबी, रुंदी, उंची व इमारतीतील नेमके ठिकाण करारासोबत जोडावे असा आदेश महारेराने, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये काढला. सोसायटीने वाटलेल्या जागेबाबत तर आदर्श उपविधींतच, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांतच, म्हटले आहे, की सभासदाला ती विकण्याचा वा हस्तांतरित करण्याचा हक्क नाही. आम्हाला जे विकले गेले ते विकणाऱ्याचे कधीच नव्हते.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा “हा दिवाणी वाद आहे” असेच ऐकावे लागले. करारनामा, कापलेली झेरॉक्स, सचिवांनी दिलेली मूळ पत्राची दोन्ही पानांची प्रत आणि बँकेचा उतारा एकत्र ठेवल्यावर मात्र अधिकाऱ्यांचा सूर बदलला, कारण अट जाणूनबुजून लपवल्याचे त्यातून डोळ्यांना दिसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार आम्ही लेखी दिली आणि तिची प्रत पोलीस उपायुक्तांनाही पाठवली. पैसे वसुलीसाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून तोही दाखल करत आहोत. रोख दिलेल्या तीन लाखांचा पुरावा साक्षीदारांच्या तोंडी जबाबापलीकडे काही नाही. एजंट आता “मी फक्त ओळख करून दिली” असे म्हणतो, जरी त्याने आमच्याकडून दलाली घेतलेली आहे.

जे या भागात जागा शोधत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की जागा दाखवणाऱ्याला घेऊन आधी सोसायटीच्या कार्यालयात जा. वाटपाची वही आणि संबंधित ठराव सचिवांच्या समोर पाहा, पत्राची मूळ प्रत हातात घ्या आणि ती उलटून बघा. फ्लॅटसोबत पार्किंग घेत असाल, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश उतारा) काढून मूळ खरेदीखतात पार्किंगचा उल्लेख आहे का ते तपासा. जो माणूस सचिवांकडे यायला टाळाटाळ करेल, त्याला इसाराचा एक रुपयाही देऊ नका. आम्ही सध्या महापालिकेच्या सार्वजनिक वाहनतळाचा मासिक पास घेतला आहे. तो घरापासून लांब आहे आणि सासऱ्यांना त्रास होतोच, परंतु त्या पासाची पावती महापालिकेच्या नावाची आहे.