चार जीबीची मर्यादा आणि विंडोजमधील ‘कन्व्हर्ट’ : एक वापर-अनुभव

सांगलीतील आमच्या हौशी नाट्यमंडळींनी भावे नाट्यमंदिरात केलेल्या संगीत नाटकाचे चित्रीकरण जपून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने विंडोजमध्ये वर्षानुवर्षे असूनही फारसे कोणी हात न लावलेल्या, डिस्कवरील फाइल न पुसता तिची मांडणीची पद्धत बदलणाऱ्या ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेशी माझी ओळख झाली. हे परीक्षण त्या आज्ञेचे आहे. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि काही उतरवूनही घ्यावे लागत नाही. तरीही ती वापरण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असणे आवश्यक आहे.

माझ्याकडील बाह्य हार्ड डिस्क ३२० जीबीची, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने २९८ जीबीची आहे. तिच्यावर मंडळाच्या जुन्या प्रयोगांची सुमारे १९० जीबी चित्रीकरणे होती, आणि त्यांतील बरीचशी अन्यत्र कोठेही नव्हती. २०१९ च्या महापुरात घरातून माडीवर नेलेल्या पहिल्या वस्तूंत ही डिस्क होती, यावरून तिचे मोल ध्यानात यावे. नव्या नाटकाचे तीन अंक संगणकावर जोडून मी तीन तासांची एकच फाइल केली. ती सुमारे १० जीबीची झाली. डिस्कवर शंभर जीबीहून अधिक जागा मोकळी असताना विंडोजने मात्र ही फाइल त्या फाइल सिस्टीमसाठी, म्हणजे डिस्कवर फाइल मांडण्याच्या व त्यांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीसाठी, फार मोठी असल्याचे सांगून नकार दिला.

विश्रामबागेतील एका दुकानात डिस्क दाखवली. “सर, डिस्क म्हातारी झाली आता, मोठ्या फाइल झेपत नाहीत तिला. फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवीनच घ्या,” असे उत्तर मिळाले. डिस्कचे वय आणि फाइलचा आकार यांचा असा काही संबंध नसतो, हे तेथेच सांगण्याइतकी माहिती तेव्हा मला नव्हती. पण फॉरमॅट म्हणजे १९० जीबीवर पाणी सोडणे, एवढे कळत होते. म्हणून डिस्क घेऊन परत आलो.

डिस्कच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यावर फाइल सिस्टीमसमोर ‘फॅट३२’ असे दिसले आणि उलगडा झाला. ही पद्धत १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तीत प्रत्येक फाइलच्या नोंदीत आकार लिहिण्यासाठी चारच बाइट, म्हणजे ३२ बिट, राखलेले असतात, आणि तेवढ्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही आहे. म्हणून एक फाइल जास्तीत जास्त तेवढ्या बाइटची, म्हणजे जेमतेम ४ जीबीची, असू शकते. हळदीच्या पेढीवरील खतावणीत रकमेसाठी मोजकीच घरे आखलेली असावीत आणि त्यापुढची रक्कम लिहायला जागाच उरू नये, तसा हा प्रकार आहे. तिजोरीत पैसे ठेवायला जागा आहे की नाही, हा प्रश्नच येथे येत नाही. त्या काळी त्याआधीच्या फॅट१६ पद्धतीत विंडोज ९५ वर डिस्कचा एक भागसुद्धा २ जीबीपेक्षा मोठा करता येत नव्हता, त्यामुळे एकट्या फाइलला ४ जीबीची मुभा ही तेव्हा चैनच वाटली असणार. विंडोजचे नेहमीचे फॉरमॅटचे साधन स्वतः ३२ जीबीहून मोठा फॅट३२ भाग तयार करत नसे, तरी कित्येक जुन्या बाह्य डिस्क विंडोज आणि मॅक या दोहोंवर चालाव्यात म्हणून कारखान्यातूनच फॅट३२ करून येत. माझी डिस्क त्यांतलीच.

‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा डिस्कवरील फाइल जागच्या जागी ठेवून फॅट३२ चे एनटीएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये रूपांतर करते. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली आणि तिच्यात ४ जीबीची ही अडचण नाही. आज्ञा देण्यासाठी ‘कमांड प्रॉम्प्ट’ प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा लागतो. मग कन्व्हर्ट हा शब्द, जागा सोडून डिस्कचे अक्षर व अपूर्णविराम, पुन्हा जागा सोडून तिरपी रेघ, एफएस, अपूर्णविराम आणि एनटीएफएस, इतकेच लिहायचे असते. त्यानंतर ती डिस्कचे सध्याचे नाव विचारते. मला वाटले की नवे नाव द्यायचे आहे, म्हणून मी हौसेने मंडळाचे नाव टाकले आणि तिने नाव चुकल्याचे सांगून काम थांबवले. हा प्रश्न चुकीच्या डिस्कवर हात पडू नये म्हणून विचारलेला असतो, हे नंतर उमगले. ही खबरदारी मला आवडली, पण प्रश्नाची भाषा अधिक स्पष्ट असती तर बरे झाले असते.

पुढे ती आधी डिस्क तपासते, मोकळी जागा पुरेशी आहे का ते पाहते, आणि मगच रूपांतर करते. माझ्या जुन्या डिस्कला सुमारे वीस मिनिटे लागली. या वेळात केबल हलली किंवा वीज गेली तर काय, ही धास्ती खरी आहे. म्हणून मी हे काम पूर्ण चार्ज केलेल्या लॅपटॉपवर केले आणि अन्यत्र कोठेही नसलेली चित्रीकरणे आधी भावाच्या संगणकावर उतरवून ठेवली. ती प्रत नसती तर मी एवढ्या निर्धास्तपणे हे परीक्षण लिहिले नसते. नंतर जुन्या सर्व फाइल उघडून पाहिल्या, त्या शाबूत होत्या, आणि १० जीबीची नवी फाइल एका दमात उतरली.

उणिवा दोन आहेत. पहिली अशी की हा रस्ता एकेरी आहे. परत फॅट३२ हवी असल्यास फॉरमॅटच करावे लागते. दुसरी अशी की एनटीएफएसची डिस्क मॅकवर वाचता येते, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. ज्यांना दोन्हीकडे लिहायचे आहे त्यांच्यासाठी २००६ मध्ये आलेली एक्सफॅट ही फाइल सिस्टीम अधिक सोयीची आहे. मात्र ‘कन्व्हर्ट’ तिच्यापर्यंत नेत नाही, डिस्क रिकामी करून फॉरमॅट करावीच लागते, आणि केबल मध्येच ओढण्याची सवय असणाऱ्यांना एक्सफॅट एनटीएफएसइतकी सांभाळून घेत नाही. माझे काम विंडोजपुरतेच असल्याने मी या आज्ञेला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण त्या नावाच्या प्रश्नासाठी कापला आहे.

एका ठिकाणी मात्र ‘कन्व्हर्ट’चा काहीच उपयोग नव्हता. मिरजेतील आमच्या ज्येष्ठ गायक नटांच्या घरचा टीव्ही जुना आहे आणि तो फॅट३२ चाच पेन ड्राइव्ह वाचतो. फाइलचे सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने तुकडे केले तर ते पुन्हा जोडल्याशिवाय पाहता येत नाहीत, आणि जोडण्याचे काम टीव्ही करत नाही. तेव्हा मी तीन अंकांच्या तीन वेगळ्या फाइल केल्या. चित्रीकरण सेकंदाला दहा लाख बाइट या वेगाचे असल्याने ४ जीबीत सुमारे साडेएकाहत्तर मिनिटे मावतात आणि पहिला अंक सत्तर मिनिटांचा आहे, म्हणजे जेमतेम दीड मिनिट शिल्लक राहिले. त्या रात्री पहिल्या अंकातील पदाला वन्स मोअर मिळाला नाही म्हणून आमचे गायक अजून खट्टू आहेत. मिळाला असता तर तो अंक त्यांच्या टीव्हीवर गेला नसता, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.