इफची वाक्यं: टाइप पाठ करावेत की काळ मागे न्यावा?

इंग्रजीत कल्पनेतली गोष्ट बोलायला शिकण्याच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे शाळेतले टाइप वन, टू, थ्री, म्हणजे इफच्या वाक्यांचे नंबर दिलेले ठरावीक साचे. दुसरी, गोष्ट खरी नसेल तर क्रियापद एक काळ मागे न्यायचं, एवढंच. शिकवण्या घेताना मी दोन्ही वापरल्या.

टाइपला नावं ठेवणार नाही. चूक शोधायच्या प्रश्नांत इफनंतर 'हॅड गॉन' दिसलं की तो टाइप थ्री, पुढे 'वुड हॅव' आहे का बघायचं. उत्तर लगेच हाती. परीक्षा तोंडावर असेल तर मीही बहुधा हेच सांगेन.

खटकतं ते बोलताना. 'तेव्हा ती नोकरी धरली असती, तर आज मी पुण्यात असते' हे वाक्य घ्या. मुलगी 'इफ आय हॅड टेकन दॅट जॉब'पर्यंत नीट येते. मग टाइप थ्री आठवतो आणि ती 'आय वुड हॅव बीन इन पुणे' म्हणून मोकळी होते. पण पुण्यात असणं आजचं आहे: 'आय वुड बी इन पुणे नाऊ.' टाइपमध्ये दोन्ही तुकडे एकमेकांना बांधलेले, म्हणून ही चूक जवळपास प्रत्येक बॅचमध्ये होते. त्यावर गाइडांत 'मिक्स्ड' नावाचा आणखी एक टाइप असतो, म्हणजे पाठांतर वाढलंच.

काळ मागे नेताना प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारायचं: हे आजचं की होऊन गेलेलं? मराठीत 'पैसे असते तर गाडी घेतली असती' हे आजसाठीही चालतं आणि गेल्या दिवाळीसाठीही. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय', गेल्या दिवाळीचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट'. ते दोन 'हॅड' सुरुवातीला जिभेवर बसत नाहीत, हे खरं. 'इफ आय वेअर'मधलं 'वेअर'ही वेगळं लक्षात ठेवावं लागतं. बोलताना 'वॉज' खपून जातं, पेपरात 'वेअर'च लिहावं.

तरी माझा कल इकडेच. टाइपची सवय झालेली मुलं 'विश' आलं की गोंधळतात, कारण त्याला टाइपचा नंबरच नाही. काळ मागे न्यायची सवय असलेल्यांना 'आय विश आय न्यू हिज नंबर' (त्याचा नंबर मला माहीत असता तर बरं झालं असतं) मुद्दाम शिकवावं लागत नाही.