“लीजची सोसायटी आहे, आपले नियम वेगळे”

2022 साली विक्रोळीच्या कन्नमवार नगरात 420 चौरस फुटांचा फ्लॅट रीसेलमध्ये घेतला. जमीन म्हाडाची, सोसायटीला भाडेपट्ट्याने दिलेली. लीज म्हणजे काय हे मला ढोबळच माहीत होतं आणि तिथेच मी सापडलो.

सोसायटीचं ऑफिस जिन्याखाली, मीटर रूमला लागून. सेक्रेटरी माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी चहा मागवला, घराचं अभिनंदन केलं आणि ट्रान्सफरचे दीड लाख सांगितले. मी कसले म्हणून विचारलं तर म्हणाले, “अहो, लीजची सोसायटी आहे, आपले नियम वेगळे. म्हाडाचं लफडं असतं.” मग खणातून एक टाइप केलेलं पत्र काढलं: ‘मी स्वखुशीने इमारत निधीस देणगी देत आहे.’ खाली माझं नाव, मधल्या नावासकट. सामानाचा टेम्पो ठरलेला, बँकेचा हप्ता सुरू झालेला. सही करून मोकळा झालो.

वर्षभरात नोकरीमुळे पुण्याला आलो आणि फ्लॅट 28,000 भाड्याने दिला. त्या महिन्यापासून मेंटेनन्सच्या बिलात ‘नॉन-ऑक्युपन्सी 2,800’ अशी ओळ वाढली, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावलेलं शुल्क. भाड्याच्या दहा टक्के. मला ते रीतसर वाटलं, कारण दहा टक्के हा शब्द कुठेतरी ऐकलेला होता. अर्धवट माहितीच जास्त घात करते बघा.

दोन वर्षांनी गणपतीत मेहुणा आला. तो ठाण्यात स्वतःच्या सोसायटीचा खजिनदार. सहज बिल हातात घेतलं आणि म्हणाला, “भावोजी, हे अठ्ठावीसशे कसले?”

दहा टक्के बरोबर होते, पण ते भाड्यावर लावायचेच नव्हते. 2001 च्या शासनाच्या आदेशानुसार नॉन-ऑक्युपन्सी जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या दहा टक्के घेता येते, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. 2007 मध्ये उच्च न्यायालयानेही तो आदेश उचलून धरला. सेवाशुल्क म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च, ऑडिट. घर लहान असो की मोठं, सगळ्यांना सारखं. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चावर, हे वेगळं. माझ्या बिलात सेवाशुल्क होतं 1,450. म्हणजे द्यायचे होते 145. मी देत होतो 2,800. चोवीस महिन्यांचे जादा गेले 63,720.

मेहुण्याचं बोट खाली सरकलं. ‘मालमत्ता कर 410.’ मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 1 जानेवारी 2022 पासून माफ आहे, पेपरात पहिल्या पानावर आलं होतं. खजिनदारांना फोन केला तर म्हणाले, मोठ्या फ्लॅट्सचा येतो ना, तो सगळ्यांवर सारखा टाकतो. हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितलं की मला क्षणभर आपलंच चुकलंय असं वाटलं.

ट्रान्सफर प्रीमियमचंही, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेचंही, तेच. महानगरपालिका हद्दीत कमाल 25,000, वर ट्रान्सफर फी 500 आणि प्रवेश फी 100. देणगीच्या नावाने किंवा कुठल्याही फंडाच्या नावाने जास्तीचं मागायला स्पष्ट मनाई आहे. आणि लीज? तो करार म्हाडा आणि सोसायटी यांच्यातला. त्याचं जे भाडं आणि म्हाडाची जी काही देणी असतील, ती बिलात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजेत, त्याची मागणीची कागदपत्रं दाखवली पाहिजेत. सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे, त्यामुळे सभासदाशी वागताना उपविधीच, म्हणजे सोसायटीची मंजूर नियमावलीच, लागू. “आपले नियम वेगळे” हे धादांत खोटं होतं.

लेखी पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर नाही. मग वांद्र्याला गृहनिर्माण भवनात म्हाडाचे उपनिबंधक, म्हणजे अशा सोसायट्यांवर देखरेख ठेवणारे सहकार खात्याचे अधिकारी, बसतात, तिथे तक्रार टाकली. सोबत सगळी बिलं आणि बँकेचे उतारे जोडले. तारखा पडल्या, पुण्याहून तीन खेपा झाल्या. शेवटी नॉन-ऑक्युपन्सीचे आणि कराचे पैसे पुढच्या बिलांतून वळते करायला कमिटी तयार झाली. देणगीचं मात्र घोडं अडलंय. ‘स्वखुशीने’ हा शब्द आणि त्याखाली माझी सही, दोन्ही त्यांच्या फायलीत आहेत.

परवा नव्या भाडेकरूचे कागद द्यायला ऑफिसात गेलो. काकांनी चहा मागवला. टेबलावर तसंच एक पत्र पडलं होतं, तोच मजकूर, नाव कुणा दुसऱ्याचं. म्हणून आज हे लिहायला बसलो.